मामा फ्लॅगतात

परवा सकाळी साडेसात वाजता मामांच्या नातवाचा फोन आला. हा नातू हिंजवडीला एका संगणक कंपनीत आहे. तिथं तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईला ठाऊक नाही, वडिलांना ठाऊक नाही. त्याच्या साहेबाला तरी ठाऊक असेल अशी माझी भाबडी समजूत होती, ती एकदा त्यानंच दूर केली. तर हा मुलगा फोनवर म्हणाला,

"काका, आजोबा फ्लॅग व्हायला लागलेत."

मी चहाचा कप खाली ठेवला. मामा आमचे सुदुंबऱ्याचे. मावळ तालुक्यातलं सुदुंबरे. वय वर्षं ब्याऐंशी, अंगकाठी शिडशिडीत, उंची सहा फुटांना एक बोट कमी, आणि वर पांढरीशुभ्र टोपी. दुरून पाहिलं तर झेंड्याच्या काठीशी त्यांचं थोडंफार साम्य आहे, हे मी नाकारत नाही. पण म्हणून ब्याऐंशीव्या वर्षी माणूस एकदम झेंडा कसा होईल?

"कुठल्या पक्षाचा?" मी विचारलं. निवडणुकांचे दिवस कधी असतात आणि कधी नसतात हे आपल्याकडे सांगता येत नाही.

"पक्ष काय काका! फ्लॅगिंग. म्हणजे हळूहळू एनर्जी ड्रॉप होत जाते ना माणसाची, तसं. मराठीत त्याला शब्द नाहीये."

वाचकहो, ह्या शेवटच्या वाक्याशी माझी झोप पुरती उडाली. मामांची काळजी वाटली म्हणून उडाली असं लिहायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला लिहू? मामा क्षणभर बाजूलाच राहिले. 'मराठीत त्याला शब्द नाही' हे वाक्य कुणी उच्चारलं की माझं पित्त खवळतं. हे वाक्य बोलणाऱ्याला वाटतं, आपण मराठीबद्दल काहीतरी सांगतो आहोत. प्रत्यक्षात तो स्वतःबद्दल सांगत असतो. घरातल्या माळ्यावर काय आहे हे न बघता 'आमच्याकडे पितळेचं पातेलं नाही' म्हणण्यापैकी हा प्रकार. आणि आमच्या ह्या भाषेत थकण्याला शब्द नाही? अरे, आम्ही आयुष्यभर दुसरं केलं काय?

फोन ठेवला आणि कपाटातून कोश काढला. आधी शत्रूची छावणी बघून घ्यावी म्हणून इंग्रजी कोश काढला. फ्लॅग हा शब्द भलताच बिलंदर निघाला. झेंडा म्हणजे फ्लॅग. अंगणात घालायची फरशी म्हणजेही फ्लॅग. पाणथळीत उगवणारी एक जातीची पात म्हणजे फ्लॅग. जाती गाडी हात करून थांबवली तरी ती फ्लॅग केली. कचेरीत फाइलीला खुणेची चिठ्ठी लावली तरी तो फ्लॅग. आणि ह्या सगळ्या गर्दीत एक क्रियापदही आहे. त्याचा अर्थ सैल पडणं, लोंबणं, लुळं होणं, आणि त्यावरून हळूहळू जोर कमी होत जाणं. हे क्रियापद इंग्रजीत सोळाव्या शतकापासून नांदतं आहे. झेंड्याशी त्याचं नातं काय, सख्खं की चुलत की नुसतं आडनावबंधू, ह्यावर कोशकारांचंही पक्कं एकमत नाही.

गंमत पाहा. आपल्याकडे झेंडा म्हटला की तो वर चढतो, फडकतो, ऊर भरून येतो. इंग्रजाकडे नाम वर चढतं आणि क्रियापद खाली उतरतं.

मात्र शब्द गुणी आहे, हे कबूल करायला हवं. मी इंग्रजीचा शत्रू नव्हे. माझी छत्तीस वर्षांची बँकेतली नोकरी इंग्रजीवरच झाली. 'युवर्स फेथफुली' हे दोन शब्द मी इतक्यांदा लिहिले आहेत, की एवढ्या निष्ठेचा निम्मा हिस्सा घरी दाखवला असता तर आमच्या सौभाग्यवतींची एकही तक्रार उरली नसती. तर, ह्या शब्दाची खुबी 'हळूहळू' ह्या भागात आहे. चार जिने चढून धापा टाकणारा माणूस फ्लॅग होत नाही. सकाळी उत्साहानं सहलीला निघालेली मंडळी दुपारी तिसऱ्या किल्ल्यावर फ्लॅग होतात. गप्पांचा जोर फ्लॅग होतो, उत्साह फ्लॅग होतो, व्याख्यानाच्या पाऊण तासानंतर श्रोत्यांचं लक्ष फ्लॅग होतं. वक्ता मात्र होत नाही. कोसळण्याच्या आधीची जी लांबलचक उतरण असते, तिचं हे नाव आहे.

तेव्हा माझं भांडण ह्या शब्दाशी नाहीच. ह्या एका शब्दाच्या बदल्यात आपण काय काय भंगारात घातलं, ह्याबद्दल ते आहे.

आता आपला माळा बघू.

मराठी माणूस दमतो. दम म्हणजे श्वास, तो संपला की दमला. हे तात्पुरतं काम. पाच मिनिटं टेकला, पाणी प्यायला की उठला. मग तो थकतो. हे शक्तीचं खातं, आणि ह्या खात्याचा मी तज्ज्ञ आहे, कारण आमच्या बँकेत माणसं थकत नसत, कर्जं थकत. थकबाकी हा शब्द ज्यानं घडवला त्याला माझा दंडवत. जे द्यायचं ते देण्याची ताकद उरली नाही की माणूस काय नि कर्ज काय, थकलंच. पुढे तो शिणतो. शीण मुक्कामाला येतो, हाडांत शिरतो, रात्रीच्या झोपेनं तो जात नाही. उन्हातून चालून आलं की पाय आंबतात. ताप येऊन गेला की माणूस गळून जातो. पाहुणे आठ दिवस राहिले की यजमान मेटाकुटीला येतो. पावसाळी दुपारी नुसती मरगळ येते, तिला कारणही लागत नाही. सहाव्या वेतन आयोगाच्या फरकाची वाट बघता बघता माणूस ढेपाळतो. मुलाला गणित शिकवताना बाप हात टेकतो. आणि दिवसभराचं सगळं उरकून संध्याकाळी घरी परततो तेव्हा तो भागलेला असतो. भागणं हा तर फार मायेचा शब्द. बडबडगीतातला चांदोबासुद्धा दमत नाही, थकत नाही. लहान मूल त्याच्याबद्दल जी चौकशी करतं ती भागण्याची.

एवढं सगळं आठवून झाल्यावर मी त्या नातवाला उलटा फोन केला आणि ही यादी वाचून दाखवली. तो शांतपणे ऐकत होता. निदान मला तसं वाटलं. यादी संपल्यावर म्हणाला,

"काका, हे सगळं टायर्डच आहे."

हे ऐकून मी तरी हात टेकले. ज्या घरात दहा डबे होते, त्या घरात आता एकच मोठा प्लास्टिकचा ड्रम आहे आणि सगळी धान्यं त्यातच. डाळ हवी असेल तर हात घालून शोधा.

तुम्ही म्हणाल, शब्दांवरून एवढी हमरीतुमरी कशाला? माणूस टायर्ड झाला काय नि शिणला काय, झोपेल आणि उठेल. पण तसं नाही हो. शब्द बदलला की आपली वागणूक बदलते. 'मी दमलो' म्हणणाऱ्याला घरचे पाणी देतात. 'आय ॲम टायर्ड' म्हणणाऱ्याला म्हणतात, 'मग आज बाहेरून मागवू या.' आणि 'बर्नआउट झालंय' म्हणणाऱ्याला कंपनी आठ दिवसांची रजा आणि योगासनांची चटई देते. मराठीत थकलेल्याला ह्यातलं काहीच मिळत नाही. ह्या बर्नआउटला शास्त्रात आणून बसवला तो १९७४ साली, अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं. पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या वर्गीकरणात त्याचा खुलासा केला. हा रोग नव्हे, नोकरीशी जोडलेली अवस्था आहे, आणि कामाच्या जागेपुरतीच तिला लागू करावी, असं तिथं म्हटलं आहे. म्हणजे मामांना बर्नआउट होण्याची सोय नाही. त्यांनी कधी नोकरीच केली नाही. साठ वर्षं शेती केली, ती बहुधा करमणुकीत मोडत असावी.

असो. पुरावा हवा म्हणून येत्या रविवारी सुदुंबऱ्याला जायचं ठरवलं. नातूही तयार झाला. त्याला वाटत होतं, आजोबांना बघायला जायचं आहे. मला वाटत होतं, वादाचा निकाल लावायला जायचं आहे. म्हणजे दोघांत शहाणा कोण, हे तुम्हीच ठरवा.

लोणावळा लोकलनं तळेगावला उतरलं आणि चाकणच्या रस्त्याला लागलं, की इंदोरी मागे टाकल्यावर सुदुंबरे येतं. माझ्या लहानपणी ह्या रस्त्यावर बैलगाडीला बैलगाडी भेटली तर गाडीवान थांबून तंबाखूची देवाणघेवाण करीत. आता चाकणच्या कारखान्यांचे कंटेनर जातात. ते काही थांबत नाहीत, आणि आपल्यालाही रस्ता ओलांडू देत नाहीत. गावाची खरी ओळख मात्र जुनीच आहे. तुकाराम महाराजांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे, ह्यांची समाधी इथं आहे. संताजी मूळ चाकणचे, तेल्याचा व्यवसाय, घरी घाणा. मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीला इथं मोठी गर्दी होते. २००९ साली सरकारनं त्यांच्या नावे टपाल तिकीटही काढलं.

मी देवळात टेकलो तेव्हा नातवाला घाण्याची गोष्ट सांगत होतो. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि कुठंच पोचत नाही. त्याच्या डोळ्यांना झापडं बांधलेली असतात, त्यामुळे आपण किती चाललो हे त्याला कळत नाही.

"आमच्या ऑफिससारखं," नातू म्हणाला. पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

"पण त्या बैलाचा पाय जरा जड पडायला लागला," मी म्हटलं, "की घाणेवाला तेल सोडून आधी त्याच्याकडे बघतो. घाण्याची करकर बदलते ना, त्यावरून त्याला कळतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर बैलाचे खांदे तुपाहळदीनं मळतात. वर्षभर जू वाहिलं त्या खांद्यांची ती चौकशी. बैलानं तक्रार करायची वाट कुणी बघत नाही."

समाधीची आख्यायिका त्याला ठाऊक नव्हती. ती अशी, की आपल्यापैकी जो मागे राहील त्यानं दुसऱ्याला माती द्यायला यायचं, असं तुकोबा आणि संताजी ह्यांचं ठरलं होतं. तुकोबा आधी गेले. पुढे संताजी गेले तेव्हा लोकांनी किती माती लोटली तरी चेहरा काही झाकेना. शेवटी तुकोबा वैकुंठाहून आले, त्यांनी तीन मुठी माती घातली, तेव्हा तो झाकला. तुम्ही ही गोष्ट भक्तीनं ऐका, नाहीतर नुसती गोष्ट म्हणून ऐका. मला तिच्यात एवढंच दिसतं, की एक माणूस कुणाचीतरी वाट बघत होता, आणि ज्यानं यायचं कबूल केलं होतं तो आला.

वारीसुद्धा हेच जाणते. देहूहून तुकोबांची पालखी १६८५ पासून निघते, ती तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी सुरू केली. पंढरपूरपर्यंतच्या ह्या वाटेवर मुक्काम ठरलेले, आणि दोन मुक्कामांच्या मधे विसावे ठरलेले. विसावा! शब्द कसा आहे बघा. कुणी थकून पडला म्हणून पालखी थांबत नाही. कुणी पडू नये म्हणून ती आधीच थांबते. पुढे पताका घेतलेली मंडळी चालत असतात, त्यांचे झेंडे पंढरपूरपर्यंत फ्लॅग होत नाहीत, त्याचं श्रेय भक्तीला द्यावंच, पण थोडं विसाव्यालाही द्यावं.

गावात आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन इथंच असते. पूर आला, दरड कोसळली की हे जवान धावतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा ढिगारे उपसायला ह्याच दलाची माणसं होती. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण त्यांच्या फाटकावरून जाताना सहज मनात आलं, की एका झटक्यात कोसळणाऱ्याला वाचवायला आपल्याकडे अख्खं दल आहे. चार महिने इंच इंच खचणाऱ्यासाठी कुणाला फोन करायचा?

मामांच्या घरी पोचलो तर मामा ओसरीवर बसलेले. टोपी जागेवर, आवाज खणखणीत.

"या या! पुणेकर आले! नातूबी आलाय! आज काय, बँक बंद?"

बँक मला बंद होऊन दहा वर्षं झाली, पण मामांच्या लेखी मी अजून कॅशियर आहे.

"मामा, तब्येत कशी काय?"

"मला काय धाड भरलीया? ठणठणीत!"

मी नातवाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. झालं! फ्लॅगबिग काही नाही. शब्दही नको आणि आजारही नको. मामींनी चहा दिला. तो पिऊन मी हातपाय मोकळे करायला परसात गेलो.

मामांच्या परसात वांग्याच्या सहा ओळी असतात. गेली कित्येक वर्षं मी तिथून निघताना मामा माझ्या हातात वांग्यांची पिशवी देतात. त्यांचं पाणी घालण्याचं शास्त्र वेगळं आहे. मुलानं पाइप आणून दिला आहे, पण पाइपाचं पाणी मुळाशी बसत नाही असं मामांचं ठाम मत. म्हणून हौदातून बादलीनं पाणी, रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातानं. दिवाळीत आलो होतो तेव्हा सहाही ओळी हिरव्यागार होत्या. आता होळी होऊन गेलेली. मी मोजलं. हौदाजवळच्या दोन ओळी हिरव्या होत्या. पुढच्या दोन पिवळ्या. शेवटच्या दोन ओळींत नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

आणि मग मला पिशवी आठवली. दिवाळीत ती चांगली जड होती. संक्रांतीला अर्धी होती. तेव्हा मी घरी येऊन काय म्हटलं होतं, सांगू? 'वांग्याचा भाव चढलेला दिसतोय, मामा हात आखडून द्यायला लागले.'

बँकेत हप्ता थकला तर नव्वद दिवसांत ते कर्ज अनुत्पादक ठरतं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास, २०१४ साली, रिझर्व्ह बँकेनं त्याच्याही अलीकडे पायऱ्या बसवल्या. तीस दिवस उलटले की एक नोंद, साठ उलटले की दुसरी. का, तर कर्ज बुडाल्यावर बोंब मारण्यापेक्षा ते मंदावतं आहे हे वेळेत कळावं. आणि इथं दिवाळी ते होळी, चांगले सव्वाचारशे तास नव्हे, सव्वाचार महिने, एक माणूस ओळीमागून ओळ सोडत मागे सरकत होता. छत्तीस वर्षं थकबाकी हुडकण्याचा पगार घेतलेला मी, वांग्याच्या भावाची चौकशी करीत होतो!

मी तिथंच उभा होतो तेव्हा मामी आल्या. उन्हानं पिवळ्या ओळीतली पानं लोंबत होती.

"आवं, उन्हानं मान टाकलीया वांग्यानं," त्या म्हणाल्या. "सांजच्याला पाणी घातलं की उचलंल."

मी दचकलोच. मान टाकली! इंग्रजी कोशात त्या बिलंदर क्रियापदाखाली हाच अर्थ मी वाचला होता. पाणी न मिळाल्यामुळे झाडाची पानं लोंबतात, तेव्हा इंग्रज माळी म्हणतो, झाडं फ्लॅग झाली. ज्या शब्दाला मराठी नाही म्हणून सकाळी साडेसातला ओरड झाली होती, तो नेमका शब्द परसात, कधी शाळेची पायरी न चढलेल्या आमच्या मामींच्या तोंडी!

"सापडला!" मी ओरडलो. "अरे इकडे ये, मराठी शब्द सापडला! मान टाकणे!"

नातू धावत आला. त्यानं ऐकून घेतलं, विचार केला आणि हळूच म्हणाला,

"पण काका, आजोबांनी मान टाकली असं मी ग्रुपवर लिहिलं असतं तर?"

तर आमचे यच्चयावत नातेवाईक पांढरे कपडे घालून तासाभरात सुदुंबऱ्यात हजर झाले असते. खरंच की! मराठीत झाडानं मान टाकली तर ते संध्याकाळी उचलतं. माणसानं टाकली की संपलं. झाडाला आपण परतीची सवलत देतो, माणसाला देत नाही. तेव्हा माणसाच्या बाबतीत हा शब्द वापरायची वेळ येण्याआधीच काय ते बोलायला हवं.

"मामी," मी विचारलं, "मामांना काय होतंय हो?"

"काय व्हायचंय? भागल्यात ते."

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं. आधी आठ-आठ बादल्या न्यायचे, मग दोनदा बसायचे, मग लांबच्या वळीला जायाचंच सोडलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

"इचारलं कुणी?"

वाचकहो, माझा सगळा युक्तिवाद ह्या दोन शब्दांत संपला. दहा शब्दांची यादी तोंडपाठ असलेला मी, आणि एका इंग्रजी शब्दात सगळं कोंबणारा तो, आम्ही दोघंही मामांबद्दल बोलत होतो. मामांशी कुणीच बोललं नव्हतं. उलट एक सांगितलं पाहिजे. त्या पोरानं निदान पाहिलं तरी होतं. शब्द परका असेल, पण नजर घरची होती. मी फोनवर दर रविवारी 'कसं काय, ठीक?' म्हणत होतो. हा काही प्रश्न नव्हे. ह्याचं उत्तर त्याच्या पोटातच शिवलेलं असतं.

माझी तक्रार तरीही कायम आहे, फक्त तिचा रोख बदलला. मराठीतले हे थकण्याचे शब्द मुळात सांगण्यासाठी नाहीतच, ते विचारण्यासाठी आहेत. दमलास का? भागलात का हो? शीण गेला का? आपल्याकडे दारात आलेल्याला आधी गूळपाणी देत आणि मग हे विचारत, कामाचं नंतर. इंग्रजही आपल्या आजोबांना त्याच्या शब्दानं असंच विचारत असेल, मी नाही म्हणत नाही. पण आपण त्याचा शब्द उचलला तो प्रश्न मागे ठेवून उचलला. आपल्या तोंडी तो नुसता अहवाल होतो. आजोबा फ्लॅग होताहेत, नोंद घ्यावी, प्रत माहितीसाठी. आणि नोंद केली की आपलं कर्तव्य संपलं असं वाटतं. फाइलीला चिठ्ठी लावली, फाइल पुढच्या टेबलावर. शब्द विलायती असो की देशी, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून तो समोरच्या माणसाला देता येत नाही, तो थकलेल्याच्या काय कामाचा?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मामा नेहमीप्रमाणे बादली घेऊन हौदाकडे निघाले. मी त्यांच्या बरोबरीनं गेलो आणि धीर करून विचारलं,

"मामा, भागलात का हो?"

"छ्या!" ते म्हणाले. सवयीनं म्हणाले. मग हौदाच्या कट्ट्यावर बादली टेकवली, आणि काटक्या उरलेल्या ओळींकडे बघत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "लांबच्या वळीपतुर बादली जात न्हाई रं आता."

माझ्या आठवणीत मामांनी 'जात न्हाई' हे शब्द पहिल्यांदा उच्चारले. मला काय बोलावं कळेना. नातवानं मात्र काही न बोलता बादली उचलली. ते पोरगं संगणकापुढं वाढलेलं, पहिल्या तीन बादल्या त्यानं स्वतःच्याच पायांवर ओतल्या. मामा कट्ट्यावर बसून ओरडत होते, "मुळाशी घाल, मुळाशी! पान धुतोयस का?" आवाज पुन्हा खणखणीत. दुसरी बादली मी घेतली. पिवळ्या ओळी वाचतील असं मामा म्हणाले. शेवटच्या दोन आता पावसाळ्यात नव्यानं लावायच्या.

रात्री नातवानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'आजोबा भागलेत. दर रविवारी पाणी घालायला कोण कोण येणार?' आमच्या त्या ग्रुपवर सुप्रभात, फुलं, सुविचार, जुनाट विनोद असं सगळं येत असतं. ज्याचं उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला. दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग मामांच्या मुलानं लिहिलं, 'मी.' त्यानंतर एक भाची, त्यानंतर जावई. जावयानं पाइपाचाही मुद्दा काढला. तो अर्थातच मामांनी फेटाळला.

परतताना तळेगावला लोकल मिळाली ती गच्च भरलेली. अठरा बादल्यांनी माझे खांदे ओरडत होते. दांडीला लोंबत असताना नातवानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काका, फ्लॅग झालात?"

मी त्याला ते क्रियापद नीट समजावून सांगणार होतो. म्हणजे अठरा बादल्यांनंतर होतं ते फ्लॅग नव्हे, फ्लॅग व्हायला वेळ लागतो, वगैरे. पण तोवर त्यानं खिडकीशी बसलेल्या एका मुलाला विनंती करून माझ्यासाठी जागा केलीसुद्धा.

मी बसलो. शब्द चुकला होता, पण प्रश्नचिन्ह जागेवर होतं.